प्रत्येक दारात एक दिवा

दिवाळीच्या अमावास्येला अंधार पडला की बंजारा तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली हातात पेटते दिवे घेऊन जमतात. आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी जातात. दारात उभ्या राहून गाणे म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्यांना नात्याने हाक मारतात, त्यांचे भले चिंतितात. मग शेजारचे घर, मग त्याच्या पलीकडचे. घरातले म्हातारे माणूस उठून पुढे येते, मुलींच्या पदरात ओवाळणी टाकते आणि आशीर्वाद देते. तांड्याचे शेवटचे घर येईपर्यंत मुली थांबत नाहीत. या प्रथेला म्हणतात ‘मेरा’.

वाशीम जिल्ह्यातला मानोरा तालुका म्हणजे या समाजाच्या हृदयाची जागा. इथेच पोहरादेवी आहे, जिला देशभरातले बंजारा आपली काशी मानतात. १५ फेब्रुवारी १७३९ हा ज्यांचा जन्मदिवस म्हणून साजरा होतो, त्या संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा आणि कर्नाटकातूनही माणसे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारतीचा आकार नंगाऱ्याचा, म्हणजे या समाजाच्या प्रत्येक भजनाला साथ देणाऱ्या वाद्याचा. आसपास सोयाबीन, तूर आणि कपाशीची राने, आणि त्यांच्या कडेने वसलेले तांडे.

मेरा हा मुलींचा सण आहे, हे खरेच. पण गेल्या काही दशकांत जगभरच्या वैद्यांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी म्हातारपण आणि एकटेपणाविषयी जे शोधून काढले, ते समोर ठेवून या सणाकडे पाहिले की थक्क व्हायला होते. तांड्यातली सगळ्यात एकटी म्हातारी घ्या. नवरा गेलेला, पोरगा पुण्याला बांधकामावर, गुडघे धरलेले. वर्षातून किमान एका रात्री तांड्यातली प्रत्येक मुलगी तिच्या दारात येते, तिला नात्याने हाक मारते आणि तिच्या उत्तराची वाट पाहते. दारातून कुणी बाहेर आले नाही, तर ते सगळ्या तांड्याला त्याच रात्री कळते. आरोग्य खात्याला असे घरोघरचे सर्वेक्षण करायचे तर प्रपत्रे छापावी लागतील, माणसे नेमावी लागतील. इथे ते गाण्यात होऊन जाते.

हे घरोघर जाणे जिवाच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, याचा अंदाज आता आकड्यांत मिळतो. २०१० मध्ये संशोधक ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. धूम्रपान सोडल्याने जितका फरक पडतो, त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटले की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध आहे. त्यात तरुणही मोठ्या संख्येने आहेत. एकटेपणा हा म्हाताऱ्यांचा रोग, ही आपली समजूत निम्मीच खरी निघाली. म्हणूनच एका पिढीला दुसरीच्या दारात नेण्याचा फायदा दोन्हीकडे होतो.

पण मुळात माणसाला म्हातारपण का मिळाले? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण जीवशास्त्राला तो फार दिवस छळत होता. बहुतेक प्राण्यांत मादीचे प्रजनन थांबले की आयुष्यही संपत आलेले असते. माणसाच्या बाईला मात्र मूल होणे बंद झाल्यावर पुढे वीस, तीस, चाळीस वर्षे मिळतात. अशी कहाणी निसर्गात फार थोड्यांची आहे. ओर्का देवमासा त्यातला एक. टांझानियातल्या हाड्झा या शिकारी आणि कंदमुळे गोळा करणाऱ्या लोकांत राहून संशोधक क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. कडक जमिनीतून कंद उकरून काढणे चिमुरड्यांना झेपत नाही. आईच्या कडेवर नवे तान्हे आले की तिचेही हात अडकतात. तेव्हा मोठ्या भावंडांचे वजन वाढते की घटते, ते आजीने किती कंद खणले यावर ठरत होते! फिनलंड आणि कॅनडातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या चर्चच्या नोंदींवरून २००४ मध्ये आणखी एक हिशेब निघाला: पन्नाशीनंतर बाई जितकी दशके जगली, तितक्या दर दशकामागे तिला सरासरी दोन नातवंडे जास्त लाभली. आजी आहे म्हणून नातवंड तगते, आणि नातवंडे तगली म्हणून आजीचे दीर्घायुष्य वंशात टिकले. म्हातारपण ही आयुष्याची उरलीसुरली बाकी नव्हे. माणूस माणूस झाला त्यात त्याचा हात आहे.

आता श्रावणातली तीज पाहू, कारण तिच्यातली रचना फार बारकाईची आहे. तीज मांडायची तर मुलींनी आधी नायकाकडे जाऊन परवानगी मागायची. पूर्वी न्यायनिवाडाही नायकच करायचा. परवानगी मिळाली की दुरड्यांमध्ये माती आणि शेणखत भरून त्यात गहू पेरतात. साधारण नऊ दिवस या दुरड्यांचा सांभाळ करायचा. मुलींनी विहिरीवरून पाणी आणायचे, गाणी म्हणत घालायचे, दुरड्या सावलीत जपायच्या. ऊन न मिळाल्याने गव्हाचे कोंब फिके, पिवळसर पोपटी आणि लवलवीत वाढतात. कुणाची दुरडी दाट आली, कुणाची विरळ राहिली, याकडे सगळ्या तांड्याचे लक्ष. गाणी आज्यांना येतात. कुठल्या वेळी कुठले म्हणायचे, पाणी किती घालायचे, गोकुळाष्टमीला गणगौरीची मातीची मूर्ती कशी घडवायची, हे सगळे त्यांच्याच तोंडी. शेवटच्या दिवशी मुली ते कोंब उपटतात, वडीलधाऱ्यांच्या पागोट्यात खोवतात, आणि उरलेली तीज नाचत-गात नदी-नाल्याला नेऊन सोडतात.

नऊ दिवसांपूर्वी ज्याच्यापुढे हात जोडून परवानगी मागितली, त्याच माणसाने आता मान वाकवायची आणि चौदा वर्षांच्या पोरीने त्याच्या डोक्यावर हिरवा तुरा लावायचा. हा क्षण मला सगळ्यात सुंदर वाटतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये एक प्रश्न मांडला होता. वेगवेगळ्या गटांतली माणसे नुसती जवळ आणली की मनातल्या अढ्या जातात का? त्यांचे उत्तर होते, नाही. कधीकधी त्या वाढतातही. अढी जायची तर चार गोष्टी हव्यात. त्या प्रसंगापुरता तरी दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज पडली पाहिजे, आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा पाठिंबा हवा. ऑलपोर्ट यांच्या मनात मुख्यतः वंशभेद होता. पुढे संशोधकांनी तीच कसोटी पिढ्यांना लावली. आता तीज या चार अटींवर तपासा. नायकाचा पाठिंबा आहे. दुरडी दाट यावी हे आजीचेही उद्दिष्ट आणि नातीचेही. आजीला गाणे येते पण विहिरीवरून घागर आणवत नाही. नातीला घागर झेपते पण गाणे येत नाही. आणि तुरा खोवताना दर्जाची उतरंड पार उलटते. कुणी पुस्तक वाचून हे बसवले नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे टिकले ते टिकले, एवढेच.

होळीतली धुंड ही प्रथाही पिढ्या अशीच जोडते. गेल्या होळीपासून जन्मलेल्या मुलाच्या दारात गेरिये, म्हणजे होळीचे गडी, काठ्या घेऊन येतात, मुलाच्या डोक्यावर धरलेल्या काठीवर तालात काठ्या वाजवीत लांबलचक आशीर्वाद म्हणतात. सहा महिन्यांच्या बाळाला काही कळत नाही, पण तांड्याने त्याची हजेरी घेतलेली असते. परंपरेने ही धुंड मुलग्यांची, आणि ही उणीव बोलून दाखवायला हवी. तीज आणि मेरा मुलींच्या हाती देणाऱ्या समाजाला तान्ह्या मुलीसाठीही काठ्या वाजवणे अवघड नाही.

ही घट्ट वीण कशासाठी लागली, ते इतिहास सांगतो. बंजारा म्हणजे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारे व्यापारी. मोगलांच्या आणि नंतरच्या फौजांची रसद त्यांच्यावर चालायची. इंग्रजांच्या काळात मिठाचा व्यापार हातून गेला, रेल्वे आली, आणि बैलांचे तांडे थांबले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक भटक्या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली, त्यात देशात ठिकठिकाणी बंजारेही सापडले. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. महाराष्ट्रात हा समाज आज विमुक्त जातींत मोडतो. मानोऱ्याहून जवळच, पुसदकडच्या गहुली तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले, पण एका माणसाच्या उंचीने सगळ्या तांड्यांची वाट सरळ होत नाही.

या सगळ्या काळात समाजाकडे दफ्तर नव्हते. बोली आहे, गोरमाटी किंवा गोरबोली, राजस्थानी भाषांच्या कुळातली. तिला स्वतःची लिपी नाही. २०११ च्या जनगणनेत लंबाडी या नावाने ती आपली भाषा म्हणून सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांची गणना हिंदीखाली होते. वंशावळ, वाटा, औषधी पाले, न्यायाचे दाखले, देवांची नावे, हे सगळे फक्त माणसांच्या डोक्यात होते. म्हातारे माणूस न बोलता गेले तर तेवढे कायमचे गेले. अशा समाजात पिढ्या एकत्र आणणे ही नुसती हौस नसते. तेच त्याचे ग्रंथालय असते.

आज मानोऱ्याच्या तांड्यांत मधली पिढीच वर्षातले कित्येक महिने घरी नसते. खरीप आटोपले की कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी मुंबई-पुण्याच्या बांधकामावर जाते. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. सरकार स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवते, पण घरात आजी असेल तर मूल बहुधा तिच्याकडेच राहते. आणि इथे देवाणघेवाणीची दिशा पालटते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये खात्यात आले की नाही, तो मेसेज सातवीतला नातू वाचून सांगतो. केवायसीसाठी बँकेच्या केंद्रावर तोच आजीला घेऊन जातो. मशीनवर घासून गेलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा बोट पुसून पुन्हा ठेवायला सांगतो. व्हिडिओ कॉलवर आईला आजीचा चेहरा नीट दिसावा म्हणून मोबाईल तोच धरतो. याला कुणी कार्यक्रम म्हणत नाही. पण आजीला गरज आहे, नातवाला ते जमते, आणि दोघांनाही आपण उपयोगी आहोत हे कळते.

उपयोगी असणे हीच या साऱ्याची किल्ली दिसते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या सरकारी प्राथमिक शाळांत साठीच्या पुढच्या माणसांना आठवड्याला किमान १५ तास मुलांना वाचायला शिकवण्याचे काम दिले गेले. ती माणसे जास्त चालू-फिरू लागली. संशोधक मिशेल कार्लसन यांनी काही जणींच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा लक्ष एकवटण्याचे आणि निर्णयाचे काम पाहणाऱ्या भागांत हालचाल वाढलेली आढळली. अभ्यास छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा विलक्षण आहे. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये दवाखान्याबाहेर लाकडी बाक मांडले आणि त्यावर वस्तीतल्या आज्यांना बसवले. देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, आज्या मात्र हव्या तितक्या. थोडे प्रशिक्षण घेऊन त्या मनाने खचलेल्यांचे ऐकून घेत, आणि त्यांचा एक प्रश्न निवडून तो सोडवायला मदत करीत. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर याची रीतसर चाचणी झाली. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांत नैराश्याची लक्षणे होती. आज्यांच्या बाकावर बसलेल्यांत ती सुमारे १४ टक्क्यांत उरली होती.

आपल्याकडचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावचे. पोथी वाचता यावी एवढीच एका आजीची इच्छा. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, अंगावर गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी, हातात पाटी-दप्तर. शिकवायला गावातलीच एक सून. घरी अभ्यास घ्यायला नातवंडे. सासूने सुनेपुढे पाटी धरायची, सुनेने ती तपासायची: शंभर व्याख्यानांनी जी गोष्ट हलत नाही, ती इथे एका पाटीने हलवली. सही करू लागलेल्या आजीला बँकेत अंगठ्याची शाई नको झाली, हा तिच्या दृष्टीने सगळ्यात मोठा निकाल.

मुलांना काय मिळते, याचे उत्तर संशोधक बेका लेव्ही यांच्या अभ्यासात आहे, आणि ते वाचून मी बराच वेळ विचारात पडलो होतो. ओहायो राज्यातल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना म्हातारपणाविषयी काय वाटते ते विचारून ठेवले होते. पुढे त्यांची आयुष्ये ताडून पाहिली, तेव्हा ज्यांचे मत चांगले होते ती माणसे सरासरी साडेसात वर्षे जास्त जगलेली आढळली. म्हातारपणाविषयीची मते मात्र पन्नाशीत तयार होत नाहीत. ती लहानपणीच मनात बसतात. तीज मांडताना जिने आजीला सगळ्यांत जाणती म्हणून पाहिले, ती मुलगी स्वतःच्या सत्तरीची तयारी तेव्हाच करत असते.

मग अडते कुठे? माझ्या मते, तांड्याच्या वेशीवर. तीज, मेरा, धुंड ही सगळी वीण तांड्याच्या आतली आहे. शेजारच्या गावातली कुणबी, बौद्ध, मुसलमान घरे तिच्याबाहेर आहेत, आणि गाव आणि तांडा यांच्यातले अंतर नुसत्या रस्त्याचे कधीच नव्हते. दोन्हीकडची मुले जिथे रोज एकत्र बसतात, अशी जागा एकच: जिल्हा परिषदेची शाळा. २०२३ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने १० सप्टेंबरला शाळांत आजी-आजोबा दिवस साजरा करायला सांगितले, ते चांगलेच झाले. पण सत्कार, गुलाबाचे फूल आणि फोटो यांवर दिवस संपला तर ऑलपोर्ट यांच्या चार अटींतली फार तर एक पुरी होते. पाहुण्याला काम नसते, आणि ज्याला काम नाही त्याची गरजही नसते.

काम मात्र शाळेतच पडून आहे. तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत येते ते गोरबोली घेऊन. गुरुजी शिकवतात मराठीत. मूल गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला मठ्ठपणा समजले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असे म्हटले आहे, पण गोरबोली येणारे शिक्षक सगळीकडे कुठून आणणार? तांड्यावरची आजी तर सकाळी दहाला घरीच असते. आठवड्यातून एक तास तिला वर्गात बसवावे. तिने गोरबोलीत गोष्ट सांगावी, चौथी-पाचवीतल्या तांड्यावरच्या पोरांनी तिचे मराठी करावे, गावातल्या पोरांनी ते वहीत उतरवावे, आणि पहिलीच्या मुलांनी चित्रे काढावीत. पुढच्या आठवड्यात गावातल्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात आणि तांड्यावरच्या मुलांनी त्या लिहून घ्याव्यात. माता-पालक गट गावोगाव आहेतच, निरोप त्यांच्यामार्फत जाईल. पोहरादेवीच्या संग्रहालयात सहल जाते तेव्हा काचेआडची कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) दाखवताना सोबत एखादी कशिदा येणारी आजी असावी. तिने आरसा टाचण्याचा पहिला टाका मुलांच्या हातून घालून घ्यावा, मुलग्यांच्याही आणि मुलींच्याही.

वर्ष संपेल तेव्हा शाळेकडे चाळीस-पन्नास गोष्टींची एक वही असेल, एका बाजूला देवनागरीत लिहिलेली गोरबोली आणि दुसऱ्या बाजूला मराठी. पुढच्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या तांड्यावरच्या मुलापुढे गुरुजींनी तीच उघडावी.